रकाना सातवा

लोक-जैवविविधता नोंदवही, गाव कोलारी, पान एकोणीस.
स्थानिक नाव : अंबाडी, लाल देठाची.
उंची : माझ्या खांद्याच्या वर, कौतिकाबाईच्या डोक्याइतकी.
कुठं आढळते : बांधीच्या धुऱ्यावर.
कोणी पेरली : तीन घरांनी सांगितलं, कोणी नाही, आपोआप येते.
चौथ्या घरी सांगितलं, आमीच. मग चौघेही हसले.

सकाळी आठला फूल उघडं होतं,
फिकं पिवळं, ताकावर तरंगणाऱ्या लोण्याच्या रंगाचं,
आणि आत घशाशी काळसर डाग,
पोरानं जांभळं खाऊन आ केल्यावर दिसतो तसा.
अकराला पुन्हा फोटो काढायला गेले
तर वळून विडी झालेली.

कौतिका नन्नावरे बोडीत, गुडघाभर पाण्यात.
कुजत घातलेल्या पेंढ्यांचा वास
ओढणीतूनही आत येत होता.
"आता काय, दोन दिवसानं येजो," ती म्हणाली,
"मंग घास उतरत नाही खाली."
साल ओढताना ओलं लुगडं फाटल्यासारखा आवाज,
आणि हातात राहते पांढरी नागडी सनकाडी,
ती चुलीपाशी जाते.

रकाना पाचवा, उपयोग.
दाव्याले. कासऱ्याले. बाजेले. पारण्याले.
मग पेंढी खाली ठेवून,
"तिरडीलेही लिही. तेथं नायलॉन चालत नाही."
का, विचारलं.
"जरत नाही नीट. पातर होऊन अंगाले चिपकते."
मी लिहिलं : धार्मिक उपयोग.
खोडलं.
लिहिलं : दोर.

दुपारी तिनं मलाच बोंडं सोलायला बसवलं.
सायकलच्या पंपाची तुटकी नळी देठाशी लावायची,
दाबायची, बियांची गाठ टक्कन पलीकडं,
लाल टोपी अख्खी बोटात.
तिच्या भाच्यानं, सुबोधनं, पैज लावली, मिनिटात किती.
माझी एकवीस. त्याची चाळीस.
ती मोजत नाही.
पोटऱ्यांवर बारीक कुसं रुतलेली,
ती नखानं काढत बोलत होती.

जेवायला पानांची भाजी, कण्या घालून घोटलेली,
वर कच्चं जवसाचं तेल आणि लसूण.
दातांना कळ गेली. दोनदा घेतली.

रकाना सातवा, मूळ स्थान.
पुस्तकात होतं ते लिहिलं : आफ्रिका.
काय लिहिलं, तिनं विचारलं, आणि मी सांगितलं.
वाटलं, चिडेल. धुरा माझा, बी माझ्या सासूचं,
आणि ही कालची पोरगी परदेशी म्हणते.
(साहेबांनी बजावलं होतं, गावात वाद घालू नका,
एका गावाचे साडेचारशे मिळतात, बसभाडं धरून.)

ती नळी हातात धरून थांबली.
"तिकडंही आंबटच लागते का?"

मला माहीत नव्हतं.
पुस्तकात पानाच्या कडा होत्या, पाकळ्यांची संख्या होती,
चव नव्हती.

"अन् तिकडच्या बाईले टोचते का?
दोर कशावर वरते? मांडीवर, का पायाच्या अंगठ्याले बांधून?"
"तिकडं सिंह असतेत," सुबोध म्हणाला.
"सिंहाचं कोन इचारते? मी बाईचं इचारतो."

शेरा लिहायला दीड इंच जागा असते.
मी लिहिलं : चव आंबट. तिकडची विचारून कळवावी.
पान साहेबांकडून परत आलं,
त्या ओळीभोवती लाल गोल आणि एक प्रश्नचिन्ह.

निघताना तिनं सुकवलेली बोंडं दिली होती,
हळदीच्या जुन्या डब्यात, झाकणावर फडकं बांधून.
"पाठवजो त्यायले. म्हना, आमच्याकडं अशी होते."

डबा इथंच आहे, चंद्रपूरच्या खोलीत, खिडकीत.
त्यातली दोन बोंडं काल मी पाण्यात टाकली.
आधी एक बारीक लाल धागा सुटला, तळाशी गेला,
तिथंच घुटमळला.
पेला भर लाल व्हायला
एवढा वेळ लागतो,
मला माहीत नव्हतं.